नगर, निवारा आणि न्यास : मुंबईच्या गृहरचनेचा एक मागोवा

अन्न, वस्त्र आणि निवारा हा क्रम आपण बालपणापासून म्हणत आलो आहोत. या क्रमात निवारा शेवटी येतो आणि आपल्या नगरांच्या इतिहासातही तो बहुधा शेवटीच आला आहे. मुंबईपुरते बोलावयाचे तर गिरण्या आधी आल्या, गोद्या आधी आल्या, लोहमार्ग आधी आला. त्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबणाऱ्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, हा प्रश्न या शहराने कित्येक दशके स्वतःला विचारलाच नाही. तो विचारण्यास त्यास भाग पाडले ते एका रोगाने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रुग्ण ओळखला. पुढील काही महिन्यांत शहरातील जवळजवळ निम्मी माणसे मिळेल त्या आगगाडीने, मिळेल त्या गलबताने गावाकडे निघून गेली. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. वखारींच्या वर आणि मागे एकाला एक चिकटलेली घरे, आणि त्यांच्या पोटात भर दुपारी दिवा लावावा लागे अशा खोल्या. उंदीर आणि पिसू यांच्याद्वारे हा रोग पसरतो, हे वैद्यकशास्त्रास त्या वेळी पुरते उलगडलेले नव्हते. दोष अंधाराचा, ओलीचा आणि कोंडलेल्या हवेचा मानला गेला. म्हणून सरकारी पथकांनी घरांवरील कौले उतरवून उजेडास वाट करून दिली, भिंतींना चुना फासला, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगविली. या कारवाईत लोकांचे जे हाल आणि जो अवमान झाला, तो मराठी वाचकांस वेगळा सांगावयास नको. पुण्यातील १८९७ सालच्या घटना सर्वश्रुत आहेत. परंतु प्लेगच्या कारणाचे ते निदान अपुरे असले, तरी त्यातून एक खरी गोष्ट हाती लागली : घर म्हणजे नुसत्या चार भिंती आणि छप्पर नव्हे, घरात येणारा उजेड आणि वारा हाही घराचाच भाग आहे.

या जाणिवेतून १८९८ मध्ये कायद्याने एक संस्था जन्मास आली. तिचे नाव बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. नावातच 'ट्रस्ट', म्हणजे न्यास, असलेली ही संस्था धर्मादाय मात्र नव्हती. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, समुद्राचा वारा शहराच्या पोटापर्यंत पोहोचविणे आणि श्रमिकांसाठी आरोग्यदायी खोल्या बांधणे, अशी तिची कामे होती. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते तिनेच काढले. नागपाडा, आग्रीपाडा, परळ येथे तिने चाळी उभारल्या. पुढे दादर, माटुंगा, शीव येथील मोकळ्या जमिनींवर आखीव वसाहती वसविल्या, त्याही तिनेच. १९३३ मध्ये ती महापालिकेत विलीन झाली, तरी 'बी.आय.टी. चाळ' हे नाव आजही मुंबईकरांच्या तोंडी आहे.

या ट्रस्टच्या खाती दोष मोठा आहे. पाडणे सोपे आणि बांधणे कठीण, या न्यायाने तिने पाडलेल्या वस्तीतील माणसांना वेळेवर पर्यायी खोल्या दिल्या नाहीत. ती माणसे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. एका ठिकाणची दाटी दूर झाली ती दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसली. पण जमेच्या बाजूस एक लहानसा नियम आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तो सहसा आढळत नाही. प्रस्तुत लेखकास मात्र तो फार मोलाचा वाटतो, म्हणून येथे किंचित थांबणे भाग आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ज्याचा आग्रह धरला तो हा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीच्या खिडकीसमोर दुसरी इमारत असेल, तर आपल्या इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा काढावी. त्या रेषेने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असता कामा नये. ज्यांस भूमितीची आठवण पुसट झाली असेल त्यांच्यासाठी सोप्या शब्दांत सांगावयाचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. चाळीस फूट उंचीस वीस फूट मोकळी जागा. इतके ठेवले म्हणजे तळमजल्यावरील खोलीसही आकाशाचा तुकडा दिसतो. गवंड्यास समजेल, घरमालकास मोजता येईल आणि न्यायालयात सिद्ध करता येईल असा हा नियम होता. 'घरे हवेशीर असावीत' अशी इच्छा अनेकांनी व्यक्त केली होती. त्या इच्छेस आकड्याचे रूप मिळाले ते येथे.

अशाच एका चाळीत एका विद्यार्थ्याचा संसार आणि अभ्यास घडला. परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक एकमध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. त्यापूर्वी हे कुटुंब लोअर परळला एकाच खोलीत होते. सुभेदार रामजींनी अभ्यासासाठी दुसरी खोली घेतली, ही गोष्ट गृहरचनेच्या दृष्टीने किती बोलकी आहे! एक खोली आणि दोन खोल्या यांत फरक एका खोलीचा नसतो. दुसऱ्या खोलीस दार असते आणि ते लावता येते. छत्रपती शाहू महाराज बाबासाहेबांना भेटण्यास याच चाळीत आले होते. पुढे बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले तेही दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टनेच आखलेल्या वसाहतीत.

सरकार आणि ट्रस्ट यांनी काही करण्याच्या पूर्वीपासून लोकांनी आपापली सोय लाविलीच होती, हे विसरता कामा नये. रत्नागिरीकडील एखाद्या गावचे चाकरमानी मिळून गिरणगावात एक खोली घेत. तिचे भाडे सर्वांत वाटले जाई. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रात्रपाळीची माणसे त्याच जागेवर पथारी पसरीत. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे बहुधा शेजारच्या खोलीतील एखादी गरजू स्त्री. तिच्या चुलीवर दहा-पंधरा पुरुषांचे पोट आणि तिच्या स्वतःच्या लेकरांचे शिक्षण चाले. अशा स्त्रियांना संघटित करणारे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केले, तोवर त्यांच्या श्रमाची कोणी गणतीच केली नव्हती.

गोमंतकीयांची रीत याहून अधिक शिस्तीची. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांची 'कूड' असे. एका गावची एक कूड. बोटीवर चाकरी करणारा गोवेकर तरुण दोन सफरींच्या मधले दिवस तेथे काढी. एकेकाळी अशा तीनशेच्या वर कुडी मुंबईत होत्या. भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची पेटी, झोपावयास जमिनीवरील चटई, एका बाजूस वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची प्रार्थना. वर्गणी अगदी नाममात्र. कोणी आजारी पडला, कोणाची नोकरी सुटली, तर त्यास सांभाळून घेणारी माणसे तेथेच असत. आज नगररचनाकार ज्यास 'आधार देणारा निवारा' म्हणतात, तो या लोकांनी कोणतेही शास्त्र न शिकता उभा केला होता. उणीव एवढीच, की तेथे स्त्रीला आणि कुटुंबाला स्थान नव्हते. परक्या गावच्या माणसासही नव्हते.

हाच विचार शिक्षणाच्या अंगाने पुढे नेला तो वसतिगृहांनी. या बाबतीत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १८५१ मध्ये सुरतेस जन्मलेल्या आणि मुंबईच्या मोती-जवाहिराच्या व्यापारात नावारूपास आलेल्या या गृहस्थांनी आपले वडील हिराचंद गुमानजी यांच्या नावे मुंबईत जैन बोर्डिंग काढले आणि सी. पी. टँकजवळ 'हिराबाग' ही धर्मशाळा बांधली. मुंबईबाहेरही अनेक नगरांतील बोर्डिंगांना त्यांचे साहाय्य झाले. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले. हिराबागेची थोरवी केवळ उतारूंच्या सोयीत नाही. नाथूराम प्रेमी यांचे 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय' तेथूनच चालले आणि तेथील सभागृहाने सार्वजनिक सभाही पाहिल्या. परगावचा मनुष्य एक रात्र टेकावयास येतो त्या जागी ग्रंथही छापून निघावेत आणि विचारही व्हावा, अशी ती वास्तू होती. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या श्री महावीर जैन विद्यालयानेही शहरात शिकण्यास येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाचा भार उचलला.

येथे थोडे विषयांतर करून कोल्हापुरास जाणे आवश्यक आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून पुढील दोन दशकांत निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. जागा दिली, इमारती दिल्या, उत्पन्ने लावून दिली. तेथील जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक उंचापुरा, हूड विद्यार्थी होता : भाऊराव पायगोंडा पाटील. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला, परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्याने नकार दिला, आणि त्याचे परिणाम त्यास भोगावे लागले. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र स्वयंपाक करतील असे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. ज्या बोर्डिंगने त्यांस आसरा दिला, त्याच बोर्डिंगची मर्यादाही त्यांनी ओळखली. स्वसमाजाच्या संस्थांविषयी लिहिताना आपण हा दुसरा भाग गाळतो. तो गाळू नये असे मला वाटते.

पुन्हा मुंबईकडे वळू. न्यासाच्या मालकीची, माफक भाड्याची आणि तरीही देखणी घरे कशी असावीत याचा वस्तुपाठ पारशी समाजाने घालून दिला. नवरोजी नसरवानजी वाडिया यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी जेरबाई यांनी पतीच्या संपत्तीचा विनियोग गरजू पारशी कुटुंबांच्या घरांसाठी करण्याचे ठरविले. लालबागची नवरोज बाग ही त्याची सुरुवात. कुलाब्याची खुसरो बाग १९३० च्या दशकातील. तिची रचना ग्रेगसन, बॅटली अँड किंग या ख्यातनाम वास्तुसंस्थेची. ज्यांनी बँका आणि कचेऱ्या बांधल्या, त्यांच्याचकडून अल्प उत्पन्नाच्या लोकांची घरेही बांधून घ्यावीत, हा आग्रह लक्षणीय आहे. मधोमध मैदान आणि त्याभोवती इमारती, प्रत्येक घरास दोन बाजूंनी वारा, आवारात मुलांना खेळावयास आणि वृद्धांना बसावयास जागा, ही या बागांची मांडणी. वास्तू न्यासाची, राहणारा भाडेकरू. घर विकता येत नाही, म्हणून घराचा सौदाही होत नाही. याची दुसरी बाजू अशी, की ही दारे एकाच समाजास उघडी आहेत. त्यावरून वाद झाले आहेत, आणि त्या समाजाची संख्या घटत असताना ते अधिक तीव्र झाले आहेत.

तिसरा मार्ग सहकाराचा. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास तेथून मोजला जातो. मध्यमवर्गीय कारकून-शिक्षकांना एकेकट्याने न झेपणारे घर दहा-वीस जणांनी मिळून उभे करावयाचे, ही कल्पना महाराष्ट्रात किती रुजली हे आज प्रत्येक इमारतीच्या दारावरील फलक सांगतो. परंतु ज्याच्यापाशी भांडवलाचा वाटा नाही, त्याचा प्रश्न यातून सुटत नव्हता.

त्याचा प्रश्न सोडविण्याचा विडा सरकारने उचलला तो १९२० मध्ये. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बी.डी.डी., स्थापन झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. इमारती मजबूत होत्या, यात शंका नाही. सिमेंट-काँक्रीटचे ते बांधकाम शंभर वर्षे टिकले. पण मधल्या बोळामुळे वारा आरपार जाईना, भाडे कामगारांस परवडेना, आणि वरळी त्या काळी गिरण्यांतील अनेकांस दूर वाटे. परिणामी हजारो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरण्यात आल्या. राहण्यासाठी बांधलेल्या घराचा इतक्या सहजी तुरुंग होऊ शकतो, यातच त्या रचनेवरील सर्व टीका आली.

ज्या वेळी या चाळी बांधल्या जात होत्या, त्या वेळचा एक आकडा अंगावर काटा आणणारा आहे. १९२१ च्या नगरपालिकेच्या नोंदींनुसार एका खोलीत जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे आठशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात हेच प्रमाण १३३ होते. त्या नोंदींत उणिवा होत्या. अनेक माता बाळंतपणास गावी जात, अनेक जन्म नोंदलेच जात नसत, त्यामुळे पहिला आकडा प्रत्यक्षाहून फुगलेला असणार. तरीही उरलेली तफावत समजूत काढण्याजोगी नाही. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये मुंबईतील श्रमिक आणि त्यांची घरे यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या दुरवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे.

घराबरोबर आणखी काही लागते हे ज्यांनी ओळखले त्यांत नारायण मल्हार जोशी अग्रणी होत. त्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालविले. डिलाईल रोडला आज त्यांचेच नाव आहे, हा योग उचित म्हणावा लागेल. ट्रस्टने नव्याने वसविलेल्या नागपाड्यात १९२७ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 'नेबरहुड हाऊस' सुरू केले : वाचनालय, व्यायाम, दवाखाना, मुलांसाठी वर्ग. १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी जी टाटांची संस्था निघाली, ती याच वास्तूत. आज ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून देशभर ओळखली जाते. चाळींच्या मधोमध एक मोकळे घर ठेवले, तर त्यातून काय निपजू शकते याचे याहून दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. रुग्णांच्या आप्तांची सोय पाहणारे संत गाडगे महाराज याच परंपरेतील. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधणाऱ्या या विरक्त पुरुषाने स्वतः मात्र त्यांपैकी कोठेही घर केले नाही. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ आणि दादर येथे त्यांच्या नावे चालणाऱ्या धर्मशाळांत खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा मिळतो.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा असल्याने तो थोडक्यात सांगतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंस संरक्षण मिळाले आणि ते आवश्यकही होते. पण काही दशकांत भाडे इतके नगण्य ठरले, की मालक दुरुस्ती करीना, भाड्याने देण्यासाठी नवी चाळ कोणी बांधीना आणि पागडीवाचून खोली मिळेना. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. त्या वेळी शहरात उपकरपात्र इमारती साडेएकोणीस हजारांवर होत्या. १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाले. भाड्याचे घर ही संकल्पना मात्र हळूहळू मागे पडली. गरीब माणसाने एक तर घराचा मालक व्हावे, नाही तर झोपडीत राहावे, असे दोनच पर्याय उरले.

याच काळात खाडीपलीकडे एक वेगळा प्रयोग झाला. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी नव्या मुंबईची कल्पना मांडली होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सिडकोसाठी बेलापूर येथे कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात सुमारे साडेपाचशे कुटुंबांची जी वसाहत रचली, ती 'आर्टिस्ट्स व्हिलेज' म्हणून ओळखली जाते. सात घरे एका लहान चौकाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा चौक, अशा तीन चौकांचे मिळून त्याहून मोठे पटांगण. भूखंड पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरांचे. म्हणजे सर्वांत गरिबाच्या आणि सर्वांत सधनाच्या जागेत फार अंतर नाही. शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, म्हणून ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने एक खोली वाढवावी. आपल्याकडील वाड्याचा चौक आणि खेड्यातील अंगण यांचे हे नवे रूपच म्हणावयाचे. पुढे अनेकांनी मूळची बैठी घरे पाडून तेथे काँक्रीटची उंच घरे बांधली आणि मूळ चित्र बरेच पालटले. काही टीकाकार यास प्रयोगाचे अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. घर वाढावे म्हणूनच ते तसे रचले होते. चौक मात्र अजून चौकच आहेत.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. विकासकाने झोपडीवासीयांस विनामूल्य सदनिका द्यावी आणि त्याबदल्यात अधिक चटईक्षेत्र मिळवून उरलेली घरे बाजारात विकावीत, अशी ही योजना. सदनिकेचे क्षेत्र प्रथम २२५ चौरस फूट होते. ते पुढे २६९ आणि नंतर ३०० झाले. लक्षावधी लोकांस पक्के छप्पर, स्वतःचे स्वच्छतागृह आणि कागदोपत्री पत्ता मिळाला. ही उपलब्धी कमी लेखण्याचे कारण नाही. पण योजनेचे गणित जमावे म्हणून इमारतींमधील अंतर आक्रसले. सरकारी प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधलेल्या वसाहतींतही हेच घडले. मुंबईच्या एम-पूर्व विभागात सात-आठ मजल्यांच्या इमारतींमध्ये कोठे कोठे केवळ तीन मीटरांचे अंतर आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी.एम.जी.पी. कॉलनी या तेथील तीन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींस खेटून आहेत, तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. तिसऱ्या, तुलनेने मोकळ्या वसाहतीत ते कमी होते.

आता साडेत्रेसष्ट अंशांची आठवण करावी. एकवीस मीटर उंची आणि तीन मीटर अंतर, असा हिशेब मांडला तर कोन सुमारे ८२ अंशांचा येतो. ऑरसाहेबांच्या नियमाने या दोन इमारतींमध्ये साडेदहा मीटर हवे होते. प्लेगच्या भीतीने जे शिकलो, ते शंभर वर्षांत पार विसरून गेलो.

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाच्या हाती आहे. वरळीतील पहिल्या ५५६ सदनिका १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांच्या स्वाधीन करण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावरून चाळीस मजली इमारतीत. ज्यांच्या तीन पिढ्या एका खोलीत गेल्या, त्यांच्या आनंदास सीमा नसणार. उद्वाहनाचा, पाण्याच्या पंपाचा, देखभालीचा मासिक खर्च निवृत्त शिपायास पेलेल काय, आणि दार उघडे टाकून शेजारच्या आजीच्या भरवशावर मूल ठेवण्याची सोय चाळिसाव्या मजल्यावर उरेल काय, हे प्रश्न तेथील रहिवासीच विचारीत आहेत.

हा सर्व इतिहास एका न्यासाच्या स्मरणिकेत सांगण्याचे कारण आहे. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, सी. पी. टँक या भागांत विविध समाजांच्या न्यासांच्या धर्मशाळा, वाड्या, आरोग्यभवने आणि वसतिगृहे उभी आहेत. बहुतेक वास्तू शंभरीच्या आसपासच्या आहेत. पुनर्विकासाचे प्रस्ताव घेऊन विकासक विश्वस्तांच्या दारी येतात. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यासाठी वा दीर्घ मुदतीने देण्यासाठी १९५० च्या कायद्याच्या छत्तिसाव्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागते. तो कायदा मिळकतीचे मोल नीट आले की नाही हे पाहतो. त्या मिळकतीतील साठ खाटा, रुग्णासोबत आलेल्या बाईसाठी ठेवलेली चूल, परगावच्या मुलीची अभ्यासाची खोली पुन्हा कोठे मांडली जाणार, हे मात्र विश्वस्तांनीच पाहावयाचे असते. भाड्याची, माफक दराची, सोबत असलेली जागा आज मुंबईत सर्वांत दुर्मीळ आहे. परिचारिका, प्रशिक्षणार्थी, एकाकी वृद्ध, टाटा रुग्णालयात सहा महिने उपचार घ्यावयास आलेले कुटुंब यांपैकी कोणासही सदनिका विकत घ्यावयाची नसते. त्यांस काही काळ राहावयाचे असते.

प्रस्तावाबरोबर रंगीत चित्रे येतात, त्यांत आकाश निळे असते आणि झाडे पूर्ण वाढलेली असतात. विश्वस्तांनी वास्तुविशारदाकडे इमारतीचे छेदचित्र मागावे, म्हणजे इमारत उभी कापून दाखविलेला आराखडा. न्यासाच्या वाट्यास येणाऱ्या खोल्या बहुधा खालच्या मजल्यांवर आणि मागील बाजूस असतात. त्यातील सर्वांत खालच्या खिडकीवर पेन्सिलीचे टोक ठेवावे, समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढावी, आणि शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापक घेऊन अंश मोजावेत.